कोळसा निवडू नये

अंधेरीत माझ्या ऑफिसात कोळसा येतो असं सांगितलं की लोक आधी हसतात. मग विचारतात, "तंदुरीचा?" माझ्या लग्नाची बोलणी चालू होती तेव्हा एका मुलाच्या आईने फार काळजीने विचारलं होतं, "मुलीचे हात काळे होतात का हो?" माझ्या आईने ठोकून दिलं, "छे हो, ती कम्प्युटरवर असते." होतात हात काळे. नखांच्या कडेला एक बारीक रेघ राहते, ती रविवारीसुद्धा जात नाही. ते स्थळ फिसकटलं, आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

मी दगडी कोळसा तपासते. इस्त्रीवाल्याकडे असतो तो लाकडाचा; हा जमिनीच्या पोटातून निघणारा, वीज केंद्रात नि सिमेंटच्या भट्टीत जाळला जाणारा. खाणीतून निघून तो मालगाडीत भरला जातो. विकणारा म्हणतो, एकदम झकास माल आहे. घेणारा म्हणतो, नुसते दगड भरलेत. दोघांच्या मध्ये एक तिसरा लागतो, ज्याचं दोघंही ऐकतील. तो तिसरा म्हणजे आम्ही. अंधेरी पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये खालच्या मजल्यावर इमिटेशन दागिन्यांचं पॉलिश चालतं, वरच्या मजल्यावर खाकऱ्याचं पॅकिंग, आणि मधल्या मजल्यावर आमची प्रयोगशाळा आहे. लिफ्टला कायम जिऱ्याचा वास.

कोळसा मोजायचा म्हणजे नुसता काट्यावर चढवून भागत नाही. वजनात पाणी असतं, माती असते, दगड असतो. म्हणून तो आधी पिठासारखा बारीक दळायचा. त्यातला एक ग्रॅम ओव्हनमध्ये ठेवायचा. जेवढं वजन घटलं तेवढं पाणी. दुसरा ग्रॅम भट्टीत आठशे पंधरा डिग्रीला पूर्ण जाळायचा. जे उरलं ती राख. तिसरा झाकण लावून नऊशे डिग्रीला, मोजून सात मिनिटं. त्यात धूर नि वायू उडून जातात. आणि चौथा ग्रॅम बॉम्बमध्ये. बॉम्ब म्हणजे जाड पोलादाची डबी. तिच्यात कोळशाची गोळी ठेवायची, प्राणवायू कोंडायचा, डबी पाण्यात बुडवायची आणि आत ठिणगी पाडायची. बाहेर काही म्हणजे काही ऐकू येत नाही. भोवतालचं पाणी फक्त दोन-तीन डिग्रीने तापतं, आणि तेवढ्यावरून कळतं की या कोळशात उष्णता किती. एकदा बसमध्ये मी मैत्रिणीला फोनवर "आज सहा बॉम्ब उडवले यार, हात दुखतायत" असं बोलून गेले, आणि शेजारची बाई पुढच्याच स्टॉपला उतरली.

त्या उष्णतेवरून कोळशाची ग्रेड ठरते. एक ते सतरा. किलोमागे सात हजार किलोकॅलरीच्या वर गेला तर पहिला नंबर, मग दर तीनशेला एक पायरी खाली. आपल्याकडचा बराचसा कोळसा मधल्या नि खालच्या पायऱ्यांवर बसतो. शाळेत तरी वेगळं काय असतं? पहिला नंबर एखाद्याचाच, बाकी वर्ग आपला मधे.

पन्नासाहून जास्त डब्यांची मालगाडी, हजारो टन माल, आणि त्याचा निकाल माझ्यासमोरच्या एका ग्रॅमवर. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी हातातला चमचा तसाच धरून बसले होते. आजही वाटतं, ज्याने कोणी हे शोधून काढलं त्याच्या पाया पडावं. पण हजारो टनांतून तो एक ग्रॅम असा काढायचा की तो अख्ख्या गाडीच्या वतीने खरं बोलेल, हे त्याहून अवघड काम. ते माझं नव्हतं. ते ताईंचं होतं.

ताई गोवंडीला राहायच्या. अजूनही तिथेच राहतात. वय पन्नाशीच्या पुढे, माहेर यवतमाळ जिल्ह्यात वणीकडे. बौद्ध घर, घरात शिकण्याला फार मान. तरी आई अंथरुणाला खिळली आणि थोरली म्हणून ताईंची शाळा सातवीत सुटली. त्यांचे वडील जमिनीखालच्या खाणीत कामाला होते. लग्न होऊन ताई मुंबईत आल्या, नवरा गेल्यावर आमच्या प्रयोगशाळेत झाडू मारायला लागल्या, आणि झाडता झाडता बघून बघून सगळं शिकल्या. मी लागले तेव्हा मागच्या जाळीच्या दाराची खोली त्यांच्या ताब्यात होती. तिथे नमुना तयार व्हायचा. रजिस्टरमध्ये 'तयार करणाऱ्याची सही' असा रकाना असतो. त्यात सही करायचा अधिकार अख्ख्या प्रयोगशाळेत एकट्या ताईंना होता. बाकी सगळं रजिस्टर इंग्रजीत, आणि त्या रकान्यात ताईंचं पूर्ण नाव, मराठीत, प्रत्येक अक्षर सुटं. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, म्हणजे आमच्या सरांनी, एकदा सुचवलं होतं म्हणे की इंग्रजीत छोटीशी सही करत जा. ताई म्हणाल्या, "छोटी काहून? काम तर पूर्ण केलं ना मी?"

मी भांडुपची, एम.एस्सी. झालेली, आणि त्याचा मला पुरेसा माज होता. पहिल्या महिन्यात मला वाटायचं, दळणं नि चाळणं यात काय एवढं? मग एक दिवस ओव्हन गरम व्हायची वाट बघत मी जाळीच्या दारात उभी राहिले आणि तासभर हललेच नाही.

पोत्यातला कोळसा ताई पत्र्यावर ओतायच्या. हरभऱ्यापासून सुपारीपर्यंतच्या आकाराचे तुकडे असायचे. फावड्याने त्याचा शंकूसारखा ढीग करायच्या. प्रत्येक फावडं बरोबर टोकावर रितं व्हायचं, एकही इकडेतिकडे नाही, म्हणजे कोळसा चहूबाजूंनी सारखा घरंगळतो. मग अख्खा ढीग उचलून शेजारी नवा ढीग. असं तीनदा. मग टोक दाबून चपटं करायच्या, वर लोखंडी फुली ठेवून चार वाटे पाडायच्या, समोरासमोरचे दोन ठेवायच्या, दोन बाजूला काढायच्या. राहिलेल्याचा पुन्हा ढीग, पुन्हा चार वाटे. पोतंभर कोळसा असा उतरत उतरत डबाभर व्हायचा. पत्र्यावरची धूळसुद्धा ताई ब्रशने गोळा करून ज्याच्या त्याच्या वाट्यात सारायच्या. मी म्हटलं, "ताई, धूळ कशाला?" तर म्हणाल्या, "धूळ कुठून आली? त्याच्यातूनच आली ना?"

आणि त्यांची नजर! पोत्यावर खाणीचं नाव नसतं, फक्त नंबर. कुणाचा माल ते तपासणाऱ्याला कळू नये, अशी पद्धत आहे. पण ताई मूठभर कोळसा उजेडात धरायच्या, तुकड्यावरच्या चकाकत्या पट्ट्या बघायच्या, अंगठ्याने घासायच्या, आणि म्हणायच्या, "हा आमच्याकडचा." कधी म्हणायच्या, "हा जहाजातून आला." एकदाही चुकल्या नाहीत. आम्ही डबा खाताना त्यांची परीक्षा घ्यायचो, आणि सरसुद्धा कौतुकाने बघायला यायचे.

डबा खाताना त्या वडिलांचं सांगायच्या. पाळीला खाली उतरलं की आधी काठीने छत ठोकायचं नि कान द्यायचा. खणखणीत वाजलं तर कामाला लागायचं. पोकळ वाजलं तर मागे सरायचं, कोणी काही म्हणो. खाली सगळा कोळसा काढून चालत नाही, मधे मधे कोळशाचेच जाड खांब ठेवावे लागतात. डोक्यावरचं जग त्या खांबांवर. आता तिकडे जास्त करून उघड्या खाणी आहेत, यंत्रं वरची माती काढून तिचे डोंगर करतात आणि मग कोळसा खरवडतात. "बाप आता पाहायला असता तर म्हणाला असता, हे तर दिवाळीची साफसफाई आहे," असं म्हणून ताई हसायच्या. हे सगळं मी मिटक्या मारत ऐकायचे. ऐकणं वेगळं आणि डोक्यात शिरणं वेगळं, हे मला नंतर कळलं.

तिसऱ्या महिन्यात तो दिवस आला. ताईंच्या सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून त्या दुपारी येणार होत्या. सकाळी एक पोतं उघडायचं होतं आणि घाई होती. मी सरांना म्हटलं, "मी करते की सुरुवात. रोज बघते." सर म्हणाले, "नक्की?" मी म्हटलं, "त्यात काय एवढं!" हे वाक्य आता आठवलं की स्वतःच्याच एक ठेवून द्यावीशी वाटते.

मी पोतं ओतलं. फावडं चालवलं. ढीग बराच बरा झाला. आणि त्या काळ्या ढिगात मला राखाडी, चपटे दगड दिसले. एक, दोन, मग बरेच. मला जरा रागच आला, की गाडी भरणाऱ्यांनी हा कचरा कसा येऊ दिला? आमच्या घरी तांदूळ गावचा यायचा, मालवणहून, कणग्यातला. लहानपणापासून शनिवारची दुपार ताटभर तांदूळ निवडण्यात जायची. आईची ताकीद असे, बाबांच्या दाताखाली एक खडा आला तर तुझी खैर नाही. वीस वर्षं हे केलेल्या बोटांना वेगळं सांगावं लागत नाही. मी सगळे दगड वेचले, डेब्रिजच्या गोणीत टाकले, आणि स्वच्छ काळाभोर ढीग बघून मला जे समाधान वाटलं ते काय सांगू. मग वाटे पाडले, अगदी ताईंसारखे.

दोन वाजता ताई आल्या. वाटे पाडून उरलेला डबा मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी दळला, चाळला, पाकिटं भरली. संध्याकाळी मी रजिस्टर पुढे केलं. "ताई, तेवढी सही करा ना." त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. विचारलं, "नीट केलंस ना गं सगळं?" मी म्हटलं, "एकदम." ताईंनी पूर्ण नाव लिहिलं, सुट्या अक्षरांत.

राख दोनदा काढली, दोन्ही आकडे जुळले. बॉम्ब दोनदा लावला, दोन्ही जुळले. मी खूश. चुकीचा नमुनासुद्धा दोनदा तपासला तर दोनदा तेच सांगतो, हे एम.एस्सी.ला मला कोणी शिकवलं नव्हतं.

दहा-बारा दिवसांनी घेणाऱ्या वीज केंद्राचं पत्र आलं. आमच्या अहवालात कोळसा एक नाही, दोन ग्रेड वर चढला होता. त्यांच्या भट्टीत तो तसा जळत नव्हता. या धंद्यात मुरलेल्यांच्या मनात अशा वेळी एकच गोष्ट येते, जी मला तेव्हा ठाऊक नव्हती: नमुन्यातले दगड कोणीतरी मुद्दाम काढले. विकणाऱ्याच्या फायद्यासाठी, काहीतरी घेऊन. आणि असं जिथे होतं ती खोली जाळीच्या दाराची असते.

सरांनी आम्हाला दोघींना केबिनमध्ये बोलावलं. मला विचारलं, "तू काही वेगळं केलंस का?" मी म्हटलं, "नाही सर, पद्धतीप्रमाणेच केलं." आणि खरं सांगते, मी खोटं बोलत नव्हते. तांदूळ शिजवला का विचारल्यावर कोणी निवडल्याचं वेगळं सांगतं का? ते माझ्या मनात 'करण्यात' धरलेलंच नव्हतं. सर ताईंकडे वळले. ताई म्हणाल्या, "सही माझी आहे."

सरांनी पेनचं टोपण लावलं. माणूस वाईट नाही, पण घाबरट. टेबलाकडे बघत म्हणाले, "ताई, कोळसा कुठला आहे ते तुम्हाला बघून कळतंच ना. आणि तुमचं माहेरही तिकडचंच."

ज्या नजरेचं आम्ही डबा खाताना कौतुक करायचो, तीच आता त्यांच्यावर उलटली होती. मला सरांचा भयंकर राग आला. ताईंनी ओढणीच्या टोकाने हात पुसले, पुसायचं काही नसताना, आणि त्या बाहेर गेल्या. ठरलं असं, की राखीव पोतं दोन्ही पक्षांसमोर उघडायचं. प्रत्येक मालाचं एक पोतं लाखेने सील करून कपाटात ठेवलेलं असतं, भांडण झालंच तर म्हणून. त्याचा निकाल वेगळा आला तर ताईंची नोकरी जाणार, हे कोणी बोललं नाही तरी चहावाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. पगार तर जाईलच, पण पंचवीस वर्षांनंतर 'पैसे खाणारी' म्हणून जाणार, हे जास्त होतं.

पोतं उघडायच्या दिवशी सकाळी दोन माणसं आली. घेणाऱ्यांकडचा एक सडपातळ, गप्प माणूस, मोबाइलवर शूटिंग करायला तयार. विकणाऱ्यांकडचा एक जाडगेला, वेलची चघळणारा. ताईंनी हात लावायचा नाही असं ठरलं होतं, म्हणून त्यांना जाळीच्या दाराबाहेर उभं केलं होतं. स्वतःच्याच खोलीच्या बाहेर. ढीग करायचा होता मी.

सील फोडलं, पोतं ओतलं. मोबाइलचा कॅमेरा माझ्यावर, सर माझ्या मागे, आणि जाळीतून ताई बघतायत. मी मनात एकच घोकत होते, की नीट कर, ताईंसारखं कर, त्यांच्या नोकरीचा प्रश्न आहे. पहिला ढीग. दुसरा ढीग. मधे कधीतरी माझं फावडं थांबलं असणार. मला आठवत नाही.

"मॅडम," तो गप्प माणूस म्हणाला, "हे काय करताय?"

मी म्हटलं, "कुठे काय?"

"हातात काय आहे?"

मी मूठ उघडली. तीन राखाडी, चपटे दगड. माझी बोटं चौथा उचलायला निघालेली होती.

"निवडतेय," मी म्हटलं.

वेलचीवाला इतका हसला, इतका हसला की त्याला ठसका लागला. "मॅडम, बासमती समझा क्या?" सरांनी कपाळाला हात लावला. आणि मला त्या क्षणी, एकदम, सगळं कळलं. तो दगड कचरा नव्हता. तो कोळशाबरोबर खाणीतून आलेला, गाडीत चढलेला, भट्टीत जाणारा होता. तो मोजण्यासाठीच तर आम्ही होतो. जाळीपलीकडे ताई उभ्या होत्या, त्यांचा चेहरा तसाच, ना हसू ना राग. मी तिथेच, कॅमेऱ्यासमोर, रडायला लागले.

"मॅडम, आधी दगड परत टाका," गप्प माणूस म्हणाला. जरा मऊ आवाजात म्हणाला, हे मान्य करायला हवं. मी दगड परत टाकले, रडतरडतच तिसरा ढीग केला आणि वाटे पाडले. निकाल वीज केंद्राच्या आकड्याशी जुळला. जुना अहवाल मागे घेतला, नवा गेला. शूटिंग होतं, त्यामुळे ताईंबद्दल कोणाला शंका घ्यायला जागाच उरली नाही.

संध्याकाळी मी ताईंपुढे जाऊन उभी राहिले. माफी मागायची होती, पण विचारलं मात्र, "तुम्हाला कळलं होतं ना? मी दगड काढले असणार, हे?"

"वाटलं होतं," ताई म्हणाल्या. "डबा फार हलका लागला होता हाताला."

"मग सरांना सांगितलं का नाही? तुमची नोकरी चालली होती, ताई!"

"पाहिलं कुठं होतं मी? नाही पाहिलेलं कसं सांगू, बापा?" मग त्या खाली बसल्या नि गुडघा चोळत सांगायला लागल्या. खाणीत थराचा नमुना घ्यायला साहेब यायचे, तेव्हा त्यांचे वडील बरोबर असायचे. कोळशाचा थर काही सलग काळा नसतो, मधे मधे दगडाच्या पट्ट्या असतात. नमुना घ्यायचा म्हणजे छतापासून तळापर्यंत एक सरळ खाच काढायची, आणि त्या खाचेत जे येईल ते पोत्यात भरायचं. काळं येवो की करडं. "बाप म्हणायचा, साहेब निवडायला लागला तर समज त्याला थर नाही पाहायचा, त्याला कोळसा पाहायचाय." मला वाटलं, हे डबा खाताना का नाही सांगितलंत? पण ते विचारायचं तोंड मला नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सर खुशीत होते. सगळ्यांना समोसे मागवले. ताईंना म्हणाले, "चला, मिटलं. तुमच्यावर काही नाही आता." आमच्याकडे चुकांची एक वही असते, झालेली चूक त्यात लिहायची, कारण लिहायचं, उपाय लिहायचा. सरांनी माझी चूक लिहून वही मिटली. ताई म्हणाल्या, "उघडा परत. माझी राहिली."

"तुमची कुठली?"

"ढीग झाला तेव्हा मी नव्हती. सही केली ना?"

सरांनी त्यांना पाच मिनिटं समजावलं. म्हणाले, ऑडिटवाले हे वाचतील, तुमचा सहीचा अधिकार काढून घेतील, निदान वर्षभर तरी. कोणी मागत नाहीये, तर कशाला उगाच? मीही म्हटलं, "ताई, नका ना." ताईंनी वही स्वतःकडे ओढली आणि माझ्या चुकीखाली लिहिलं, 'ढीग करताना मी हजर नव्हते. न पाहता सही केली.' खाली पूर्ण नाव.

मी आयुष्यात खूप हुशार माणसं पाहिली. कॉलेजात पाहिली, परिसंवादांत पाहिली. पण त्या समोशाच्या पुड्याशेजारी बसून त्या बाईने जे केलं ते करणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि मला त्याचा अभिमानही वाटला नि लाजही वाटली.

सर म्हणाले तसंच झालं. ऑडिटमध्ये ताईंची सही बंद झाली. काम त्यांनीच करायचं, पण कोणीतरी पूर्ण वेळ समोर उभं राहून बघायचं आणि त्या रकान्यात सही करायची. कोणी? तर पदवी आहे म्हणून मी. तीही पंधरा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन, जे मला दिलं ताईंनी. मी सरांशी भांडले. म्हटलं, हा कसला न्याय, चूक माझी आणि बढती पण माझीच? सर म्हणाले, नियम आहे. ताई म्हणाल्या, "भांडत काय बसली? पोतं आलंय."

सहीचा माझा पहिला दिवस. ताई फावडं चालवत होत्या आणि मी भिंतीशी उभी. पहिला ढीग, दुसरा, तिसरा. गुडघा दुखत होता त्यांचा, प्रत्येक वेळी वाकताना तोंडातून बारीक आवाज यायचा. वाटे पडले, दोन बाजूला निघाले, पुन्हा ढीग, पुन्हा वाटे. डब्यात भरायचं तेवढं राहिलं होतं. तेवढ्यात आईचा फोन आला. मी पॅसेजमध्ये गेले, दोन मिनिटं बोलले असेन, फार तर तीन.

परत आले तर डबा रिकामा. बाजूला काढलेले सगळे वाटे ताईंनी परत पत्र्यावर ओतले होते, धुळीसकट, आणि समोर अख्ख्या पोत्याचा ढीग जसाच्या तसा उभा होता.

"ताई! अहो, झालं होतं ना सगळं!"

"तू नव्हती इथं," ताई म्हणाल्या. घाम पुसला आणि फावडं उचललं. "पाहा आता. पहिल्यापासून."